सेक्को म्हणजे सुका कचरा नव्हे

मागच्या मंगळवारी दुपारी पोळ्या करत होते, तवा गॅसवर, आणि व्हॉट्सॲप वाजलं. इटलीला असलेल्या भाच्याचा फोटो. त्याच्या घराच्या फाटकाबाहेर करड्या रंगाची एक बादली, झाकण लावलेलं आणि त्या झाकणावर कोणीतरी स्टिकर चिकटवलेला. खाली मेसेज, मावशी हे काय आहे गं, गल्लीतल्या सगळ्यांच्या बादल्या रिकाम्या झाल्या आणि माझीच तशी ठेवून गेले.

फोटो मोठा करून बघितला. स्टिकरवर लिहिलं होतं रिफ्यूतो नोन कोन्फोर्मे. रिफ्यूतो म्हणजे कचरा, नोन कोन्फोर्मे म्हणजे नियमात न बसणारा. मी गॅस बंद केला आणि त्याला सरळ फोनच लावला. म्हटलं बादलीत काय काय टाकलंस ते सांग. तर म्हणाला, काही नाही गं, मॅगीची पाकिटं, दुधाची बाटली, कुरिअरचं खोकं फाडून टाकलं, दोन सोड्याचे कॅन, सगळं सुकंच तर आहे, आणि बादलीवर सेक्को लिहिलंय, सेक्को म्हणजे सुका ना?

हो, सेक्को म्हणजे सुका. शब्दाचा अर्थ त्याने अगदी बरोबर शोधला होता आणि तरी कचरा चुकला. हे सगळं लिहायला बसले ते याचसाठी, कारण आपल्या ठाणे-नवी मुंबईतून आता कितीतरी मुलं इटलीला शिकायला, नोकरीला जातायत, आमच्या ऐरोलीच्या सोसायटीतूनच गेल्या दोन वर्षांत तिघं गेली, आणि जायच्या आधी सगळे भाषेचं ॲप लावून हॉटेलात ऑर्डर कशी द्यायची, तिकीट कसं मागायचं हे पाठ करतात, पण रोज संध्याकाळी जे करावं लागतं त्याचे शब्द कोणी शिकत नाही.

आपल्याकडे कसं आहे बघा. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात. २०१६ चे घनकचऱ्याचे नियम आले तेव्हापासून हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि नवी मुंबईकरांना तर त्याचा अभिमान पण आहे, स्वच्छ सर्वेक्षणात २०२३ ला देशात तिसरा नंबर आला होता आपला. आपल्या सुक्या कचऱ्यात कागद, प्लास्टिक, काच, पत्रा सगळं एकत्र जातं, आणि पुढे ते वेगळं करणारे हात दुसऱ्या कोणाचे तरी असतात. म्हणजे आपला सुका कचरा हा बहुतेक सगळा परत वापरात जाऊ शकणारा माल.

भाचा राहतो ते व्हेनेतो प्रांतातलं छोटं गाव आहे, आणि तिथे सेक्को म्हणतात ते बरोब्बर याच्या उलट. कागद, प्लास्टिक, काच, धातू, ओलं सगळं वेगवेगळं काढून झाल्यावर ज्याचं काहीच होऊ शकत नाही असं जे उरतं ना, ते सेक्को. पूर्ण नाव सेक्को रेसिदुओ, म्हणजे उरलेला सुका. जुना टूथब्रश, सिगारेटची थोटकं, रेझर, फुटलेला चिनी मातीचा कप, व्हॅक्युम क्लीनरची धुळीची पिशवी, संपलेलं पेन. बस इतकंच. मिलानला याच गोष्टीला इन्दिफेरेन्त्सियातो म्हणतात, म्हणजे वेगळा न केलेला, तो शब्द उच्चारायला लांबलचक असला तरी फसवत नाही. सेक्को फसवतो, आणि तो आपल्याच माणसांना जास्त फसवतो कारण ओला-सुका ही जोडी आपल्या तोंडात बसलेली आहे, ऊमिदो म्हणजे ओला हे तर तंतोतंत जुळतं, मग सेक्को पण जुळेल असं वाटणारच ना.

आणि व्हेनेतोत बऱ्याच ठिकाणी या सेक्कोच्या बादलीला चिप असते, ती गाडीवर किती वेळा रिकामी झाली हे मोजलं जातं आणि त्यावर तुमच्या बिलाचा एक भाग ठरतो. याला तारीफ्फा पुन्तुआले म्हणतात. म्हणजे मॅगीची पाकिटं आणि खोकी सेक्कोत कोंबून बादली दर वेळी भरून बाहेर ठेवली तर पैसे पण जास्त जातात. बाकीच्या इटलीत बहुतेक ठिकाणी तारी नावाचा कचऱ्याचा कर आहे, २०१४ पासून, तो घराचं क्षेत्रफळ आणि राहणारी माणसं यावर ठरतो आणि भाड्याने राहणाऱ्यालाही तो लागू होतो, तेव्हा घर घेताना मालकाला विचारून ठेवा, ला तारी ए इन्क्लूसा? म्हणजे तारी भाड्यात धरलीय का.

मला हे कसं माहीत, तर माझी मुलगी मिलानला असते आणि मी तिच्याकडे तीन महिने राहून आले. ती सकाळी आठला बाहेर पडायची आणि संध्याकाळी सातला यायची, आणि दिवसभराच्या घरात स्वयंपाक माझा म्हणजे कचरा पण माझा. सिंकखाली ओल्या कचऱ्यासाठी एक छोटी जाळीदार बादली होती, सगळ्या बाजूंनी भोकं असलेली, त्यामुळे आत हवा खेळते, पाणी साचत नाही आणि वास येत नाही. मिलानने २०१२ मध्ये ऊमिदो घरोघरून गोळा करायला सुरुवात केली तेव्हा या बादल्या वाटल्या होत्या. तिच्यात जी पिशवी लावायची ती साक्केत्तो कोंपोस्ताबिले, म्हणजे जिचं खत होतं अशी. भाजीवाल्याकडे, सुपरमार्केटमध्ये ज्या पातळ किंचित हिरवट पिशव्या मिळतात त्याच घरी आणून वापरायच्या. इटलीने साध्या प्लास्टिकच्या कॅरीबॅग २०११ लाच बंद केल्या, आपल्याकडे महाराष्ट्रात बंदी आली २०१८ ला. मी त्या पिशवीत चहाचा चोथा, कांद्याची सालं, कोथिंबिरीचे देठ, उरलेला भात टाकायचे आणि खालच्या चौकात तपकिरी डब्यात नेऊन सोडायचे. ते सगळं प्लांटला जातं आणि त्याचा गॅस आणि खत होतं. माझ्या चहाच्या चोथ्याचा गॅस होतोय हे कळल्यावर मला इतकं बरं वाटलं की बहिणीला नौपाड्यात फोन करून सांगितलं.

पहिल्या आठवड्यात मात्र मी रोज अडायचे. एकदा पास्त्याचं रिकामं खोकं घेऊन खाली गेले, पुठ्ठ्याचं खोकं आणि त्याला समोर पारदर्शक खिडकी, आतला पास्ता दिसावा म्हणून. आता हे कागदात की प्लास्टिकमध्ये? बिल्डिंगची पोर्तिनाया, म्हणजे आपल्या वॉचमनसारखी पण बाई, साठीची असेल, दारावरची पितळेची बटणं फडक्याने पुसत होती. मुलीने मला एकच वाक्य पाठ करून दिलं होतं ते मी म्हटलं.

दोवे सी बुत्ता क्वेस्तो?

हे कुठे टाकायचं? बाईंनी फडकं खांद्यावर टाकलं, माझ्या हातातून खोकं घेतलं, नखाने ती खिडकी कडेने सोलून काढली, टर्रकन आवाज आला, आणि पुठ्ठा एका हातात, प्लास्टिक दुसऱ्या हातात धरून मला दाखवलं. क्वेस्तो नेल्ला कार्ता, क्वेस्ता नेल्ला प्लास्तिका. मग दोन्ही मला परत दिले आणि मीच टाकावं म्हणून डब्याकडे बोट केलं. मी टाकलं. ब्रावा, म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी रोज काही ना काही घेऊन त्यांना विचारायचे. बिल्डिंगमध्ये मला नावाने हाक मारणारं पहिलं माणूस म्हणजे त्या बाई, आणि ओळख झाली ती कचऱ्यावरून. म्हणून माझा आग्रह आहे की बाकी काही पाठ करू नका पण हे वाक्य करा. आणि मराठी माणसाला ते सोपं आहे, कारण त्यात मी-तू काही नाही, आपण म्हणतो ना, हे कुठे टाकायचं, कोणी टाकायचं ते बोलतच नाही, तसंच सी बुत्ता. उत्तरात वा हा शब्द ऐकू येईल, वा म्हणजे जातं. वा नेल्ला कार्ता, कागदात जातं. वा नेल वेत्रो, काचेत. वा नेल्लूमिदो, ओल्यात. तुम्हाला अंदाज असेल तर तुम्हीच विचारा, वा नेल्ला प्लास्तिका? आणि समोरचा सी, म्हणजे हो, म्हणाला की झालं.

उच्चाराचं एक सांगते, कारण इथे आपल्याला देवाने फुकट दिलेली एक गोष्ट आहे. आपल्या मराठीत दोन च आहेत, चिमणीतला आणि चोरातला. इटालियनमध्ये पण दोन्ही आहेत. कचऱ्याला रोजच्या बोलण्यात स्पात्सातूरा म्हणतात, त्यातला त्सा म्हणजे आपल्या चमच्यातला चा, जीभ दाताला लावून. दिफेरेन्त्सियाता पण तसाच. राक्कोल्ता दिफेरेन्त्सियाता म्हणजे वेगवेगळा करून कचरा गोळा करणं, हे दोन शब्द प्रत्येक बोर्डावर, प्रत्येक पत्रकावर दिसतील. ज चं पण तेच, जोर्नो म्हणजे दिवस, जेवणातला ज. फक्त ट नका म्हणू. आपण सवयीने प्लास्टिका, कार्टा म्हणतो, त्यांचा तो तलवारीतला त आहे. आणि जोडाक्षर नीट दाबून म्हणा, आपण पता आणि पत्ता वेगळं म्हणतो ना तसं. सेते म्हणजे तहान आणि सेत्ते म्हणजे सात, आणि बादली बाहेर कधी ठेवायची हे विचारलं तर उत्तरात आकडा येणार आहे.

छोट्या गावात पोर्ता आ पोर्ता पद्धत असते, दारोदार, म्हणजे घंटागाडीसारखीच पण घंटा नाही आणि रोज पण नाही. एका दिवशी एकच प्रकार. आदल्या रात्री बादली बाहेर ठेवायची आणि पहाटे गाडी येऊन जाते, झोपेत कळत पण नाही. त्यासाठी गावाचं वर्षभराचं कॅलेंडर असतं, कालेंदारियो देल्ला राक्कोल्ता, ते फ्रिजवर लावायचं. विचारायचं वाक्य, के जोर्नो पास्सानो पेर इल सेक्को? सेक्कोसाठी कोणत्या दिवशी येतात. सेक्कोच्या जागी ला कार्ता, ला प्लास्तिका, ल्यूमिदो घाला. वारांची नावं भाच्याच्या डोक्यात राहत नव्हती तर मी त्याला म्हटलं अरे हे आपलेच वार आहेत. लूना म्हणजे चंद्र, लुनेदी सोमवार. मार्ते म्हणजे मंगळ, मार्तेदी मंगळवार. मेर्कोलेदी बुधाचा, जोवेदी गुरूचा, वेनेर्दी शुक्राचा. नवग्रह स्तोत्र म्हणणाऱ्या घरातल्या मुलाला हे पाठ करायला काय लागतं, फक्त साबातो आणि दोमेनिका तेवढे वेगळे.

रंगांवर मात्र जाऊ नका. सगळ्या देशात डब्यांचे रंग सारखे असावेत म्हणून २०१७ ला एक स्टँडर्ड काढलंय त्यांनी, कागदाला निळा, प्लास्टिकला पिवळा, काचेला हिरवा, ओल्याला तपकिरी, पण गावोगावी जुने डबे अजून आहेतच, मिलानला कागदाचा डबा पांढरा आहे. आपल्याला हिरवा दिसला की हात आपोआप ओलं घेऊन जातो, आणि तिकडे हिरवा म्हणजे काच. शब्द वाचा, रंग बघू नका.

पाकिटावर पण लिहिलेलं असतं. १ जानेवारी २०२३ पासून इटलीत विकल्या जाणाऱ्या पॅकिंगवर ते कशाचं बनलंय आणि कुठल्या प्रकारात जातं हे देणं सक्तीचं आहे. मागे बारीक अक्षरात राक्कोल्ता कार्ता किंवा राक्कोल्ता प्लास्तिका असं शोधायचं, आणि त्याच्या खाली बहुतेक वेळा एक ओळ असते, वेरीफिका ले दिस्पोजित्सियोनी देल तूओ कोमूने. कोमूने म्हणजे आपली नगरपालिका, तुझ्या नगरपालिकेचे नियम तपासून बघ. ही ओळ खरंच तपासायची असते, कारण दुधा-ज्यूसचा टेट्रापॅक एका गावात कागदात जातो तर दुसऱ्या गावात प्लास्टिकमध्ये.

प्लास्टिकमध्ये पण सगळं प्लास्टिक जात नाही, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. फक्त इंबाल्लाज्जी, म्हणजे पॅकिंग. शांपूची बाटली चालते, दह्याचा कप चालतो, मॅगीचं पाकीट चालतं, पण प्लास्टिकचं खेळणं, मोडलेला मग, कपडे वाळत घालायचे चिमटे नाही चालत. बाटली चेपायची तर आडवी धरून लांबीत चेपायची आणि झाकण परत लावायचं. काचेत बाटल्या आणि बरण्या, बाकी काही नाही, चिनी मातीची बशी नाही, ओव्हनमधलं काचेचं भांडं तर अजिबात नाही कारण ती काच वितळायला जास्त उष्णता लागते आणि बाकीच्या काचेत तिचा खडा राहतो. लोणच्याची बरणी टाकायची असेल तर विसळून टाका, तेल-मसाल्यासकट नको.

दुकानाचं बिल, ज्याला स्कोन्त्रीनो म्हणतात, तो दिसतो कागद पण कागदात जात नाही, तो थर्मल पेपर असतो. पिझ्झाच्या खोक्याचं, कोरडा भाग कागदात, तेल लागलेला भाग नाही. तेलकटला उन्तो म्हणतात आणि घाणेरड्याला स्पोर्को, हे दोन शब्द खूप ऐकू येतात, ए स्पोर्को म्हटलं की समजायचं की हे आधी धू नाहीतर सेक्कोत टाक.

जुनी औषधं फार्मसीबाहेरच्या पेटीत टाकायची, फार्माची स्कादूती. बॅटरीचे सेल म्हणजे पीले, त्यांची पेटी बऱ्याच दुकानांत असते. गादी, खुर्ची असं मोठं काही असेल तर ते इंगोंब्रान्ती, फोन करून म्हणायचं, वोर्रेइ प्रेनोतारे इल रितीरो, मला उचलून न्यायची वेळ ठरवायचीय. आणि स्वतःच नेऊन द्यायचं असेल तर इझोला एकोलोजिका, शब्दशः पर्यावरणाचं बेट, गावाचं कचरा जमा करायचं आवार. रस्त्यावर ठेवून निघून जाऊ नका, मुल्ता म्हणजे दंड, तो शब्द तिकडे सगळ्या पोरांना पहिल्याच महिन्यात कळतो.

तर मंगळवारी भाच्याची आई, म्हणजे माझी बहीण, एवढी घाबरली होती की पोराला आता दंड होणार, पोलीस येणार. मी तिला सांगितलं स्टिकर म्हणजे दंड नाही, स्टिकर म्हणजे परत नीट करून ठेव. मग व्हिडिओ कॉलवर आम्ही तिघं बसलो, मी ऐरोलीत, बहीण नौपाड्यात आणि तो तिकडे व्हरांड्यात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून. पूर्ण बादली त्याने पालथी केली. एकेक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि मी विचारायचे, दोवे सी बुत्ता? आणि तो उत्तर द्यायचा. दुधाची बाटली, नेल्ला प्लास्तिका. खोकं, नेल्ला कार्ता, आणि त्यावरची चिकटपट्टी मी त्याला काढायला लावली. सोड्याच्या कॅनवर तो अडला, त्याच्या गावात धातू कशाबरोबर जातो ते कॅलेंडरमध्ये बघून सांगितलं त्याने. शेवटी वर्तमानपत्रावर एक टूथब्रश, दोन बिलं आणि एक तुटलेली प्लास्टिकची पट्टी एवढंच राहिलं. इतकी मोठी बादली, आणि सेक्को मूठभर. बहीण एकदम गप्प झाली होती, मग म्हणाली आपल्याकडे हे सगळं कोण वेगळं करतं गं? म्हटलं तुझ्या सोसायटीच्या मागच्या गेटला सकाळी साडेसातला जाऊन बघ, दोन बायका असतात, हातमोजे पण नसतात कधीकधी.

शेजारच्या आजींना पण जाऊन बोल म्हटलं, कारण बादली दिवसभर त्यांच्या फाटकाला लागून होती. त्याला लिहून दिलं, ओ झ्बाल्यातो, मी दिस्प्याचे, मी प्वो स्प्येगारे? माझं चुकलं, माफ करा, मला समजावून सांगाल का? आजींनी त्याला आत बोलावून कॉफी दिली आणि त्यांचं कॅलेंडर दाखवलं, प्रत्येक वारावर त्यांनी पेनाने खुणा केलेल्या.

आज सकाळी, म्हणजे त्याच्या पुढच्याच मंगळवारी, फोटो आला. तीच बादली, झाकण उघडं, आत काही नाही, तळाला थोडं पावसाचं पाणी. खाली मेसेज, मावशी, शनिवारी मित्र आलेले, भजी केली होती, कढईत अर्धा लिटर तेल उरलंय, सिंकमध्ये ओतू का?

ओतू नकोस रे बाबा. बाटलीत भरून ठेव आणि आजींना विचार, दोवे पोस्सो पोर्तारे लोल्यो उझातो? वापरलेलं तेल कुठे नेऊन देऊ?